मापावर मोहोर, भावावर कोणाची?

बडोद्याहून अहमदाबादेकडे निघालेली गाडी शहर मागे टाकते न टाकते तोच बाजवा येते. एका अंगाला १९६२ साली स्थापन झालेल्या खत कारखान्याची धुराडी, दुसऱ्या अंगाला कोयलीच्या रिफायनरीची; रुळांच्या कडेने तेलाच्या वाघिणींच्या रांगा, आणि रात्र असेल तर आकाशात जळणारी रिफायनरीची ज्योत. जलद गाडीतल्या प्रवाशाला एवढेच बाजवा ठाऊक असते. आम्ही मात्र या दोन धुरांच्या मधोमध बिऱ्हाड थाटले, मुले वाढवली, निवृत्तही झालो. वारा कोणत्या दिशेचा आहे हे सांगायला आम्हांला वेधशाळा लागत नाही; नाक पुरे होते.

अशा ठिकाणी राहणाऱ्यांविषयी बाहेरगावी एक गोड समजूत असते. पुण्यामुंबईचे आप्त भेटले की हटकून म्हणतात, “तुमचं काय बुवा, पेट्रोल परसात पिकतं! तुम्हांला स्वस्तच पडत असेल.” त्यांना काय सांगावे? रिफायनरीच्या कुंपणापाशी आणि बडोदे शहरात पेट्रोलच्या भावात फरक पडलाच तर तो पैशांचा. गोठा आपल्या दारात आणि दूध मात्र पेठेच्या भावाने, अशातली गत. भाव वाढला की पंपावर थोडी कुरकुर होते, आणि नळी धरून उभा असलेला मुलगा शांतपणे सांगतो, “भाव तो उपरथी आवे छे, काका.” भाव वरून येतो. हे ‘वर’ म्हणजे नेमके कोठे, हा प्रश्न आम्ही पुष्कळ वर्षे मनात बाळगून आहोत. त्याचे उत्तर शोधताना जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

१९६० साली अंकलेश्वरला तेल लागले. १० मे १९६३ रोजी पंडित नेहरूंनी कोयलीच्या रिफायनरीची कोनशिला बसवली. सोव्हिएत रशियाच्या साहाय्याने काम उभे राहिले, १९६५ च्या ऑक्टोबरात पहिला विभाग सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी, १९६६ च्या ऑक्टोबरात, राष्ट्रपती राधाकृष्णन् यांनी ती राष्ट्राला अर्पण केली.  पुढे तिची क्षमता वर्षाला एक कोटी सदतीस लाख टनांवर गेली. ज्या मराठी घराण्यांनी पिढ्यान् पिढ्या गायकवाड सरकारची दफ्तरे सांभाळली, शाळांतून शिकवले, त्यांची मुले आता भोंग्याच्या वेळेवर डबा घेऊन कामाला निघू लागली. आपल्या जमिनीतले तेल, आपल्या सरकारचा कारखाना आणि आपलीच माणसे. तेव्हा भावही आपल्याच हातात राहील, अशी त्या काळी सर्वांची भाबडी पण प्रामाणिक श्रद्धा होती.

हिशोबाची वही मात्र निराळ्या तऱ्हेने लिहिली जात होती. स्वातंत्र्यानंतरची कित्येक वर्षे आपल्याकडे तेलाचा भाव ‘आयात-समते’च्या तत्त्वावर ठरे. म्हणजे माल येथे तयार झाला असला, तरी तो परदेशी बंदरातून जहाजाने आला आहे असे समजावयाचे. तेथला भाव, जहाजाचे भाडे, विमा, बंदरावरची जकात हे सारे मिळवावयाचे आणि येणारी बेरीज ग्राहकाकडून घ्यावयाची. व्यापार तेव्हा बर्मा शेल, एस्सो, कॅल्टेक्स या परदेशी कंपन्यांच्या हाती होता. त्यांच्या नफ्याला आवर घालावा म्हणून सरकारने समित्या नेमल्या. १९६१ ची दामले समिती (आडनाव वाचून आमच्या वाचकांचे कान टवकारतील), १९६५ ची तालुकदार समिती, १९६९ ची शांतिलाल शहा समिती. प्रत्येकीने भावाला कात्री लावण्याचा यत्न केला, पण जहाजाची ती कल्पित फेरी काही काळ तशीच चालू राहिली. आगगाडीच्या रुळांपलीकडे तयार झालेले पेट्रोल कागदावर मात्र समुद्र ओलांडून येत होते.

मग आले १९७३ साल. अरब-इस्रायल युद्धानंतर तेल-उत्पादक देशांनी मूठ आवळली. पिंपाला तीन डॉलरांच्या आसपास असलेला भाव १९७४ च्या जानेवारीत साडेअकरा डॉलरांच्या वर गेला. आपल्याकडे सरकारने पेट्रोल महाग केले, आणि त्या नोव्हेंबरात विरोधी पक्षाचे अटलबिहारी वाजपेयी निषेध म्हणून बैलगाडीत बसून संसदेत गेले. पुढे १९७४ ते १९७६ या काळात परदेशी कंपन्या एकामागून एक सरकारच्या ताब्यात आल्या. कृष्णस्वामी समितीच्या सल्ल्याने आयात-समतेचा हिशोब बाजूला पडून ‘नियंत्रित किमती’ची पद्धत रूढ झाली. कंपनीला प्रत्यक्ष खर्च आणि त्यावर ठरावीक परतावा द्यावयाचा, आणि ग्राहकाचा भाव सरकारने ठरवावयाचा. मधला फरक एका सामाईक खात्यात पडे किंवा त्यातून निघे. पेट्रोलवाल्याकडून जास्त घेऊन रॉकेलवाल्याला कमी भावात द्यावयाचे, असा त्या खात्याचा साधा न्याय होता.

या न्यायाला हसण्याचे कारण नाही. आमच्या पिढीतल्या किती घरांचा स्वयंपाक त्या रॉकेलवर शिजला! शिधापत्रिका आणि डबा घेऊन रांगेत उभे राहावे, पितळी स्टोला पंप मारावा आणि मग घरात चहाचा वास यावा, हा नित्याचा क्रम होता. मोटार बाळगणाऱ्याने स्टो पेटवणाऱ्याचा थोडा भार उचलला, तर त्यात अन्याय कसला? नियंत्रणाला सरसकट नावे ठेवणाऱ्यांनी ती रांग आठवून पाहावी.

पण त्याच न्यायाच्या सावलीत दुसरे एक झाड वाढले. एकच टाकी, एकच रंगरूप, आणि दोन भाव; तेथे भेसळ होणारच. स्वस्त रॉकेल डिझेलमध्ये मिसळून विकण्याचा धंदा देशभर फोफावला. २५ जानेवारी २०११ रोजी, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ पानेवाडी येथे, तेलाच्या साठ्याच्या परिसरात, भेसळखोरांनी रॉकेल ओतून जाळले. त्याच्या सुमारे पाच वर्षे आधी, २००५ साली, उत्तर प्रदेशात लखीमपूर खेरी येथे भेसळीचा पंप बंद करवणारे तेल कंपनीचे तरुण अधिकारी मंजुनाथ यांचा खून झाला होता. ज्यांच्या घरची माणसे तेलाच्या कामावर जातात, त्या आमच्यासारख्यांना ही नावे विसरता येत नाहीत. दोन भावांमधली दरी कागदावर आखणारा हात दिल्लीत होता आणि त्या दरीत पडला तो मालेगावचा अधिकारी. मारेकऱ्यांना न्यायालयापुढे उभे करता येते. दरीला उभे करता येत नाही.

१ एप्रिल २००२ पासून ती नियंत्रित पद्धत औपचारिक रीत्या संपली. ती संपवणारे सरकार अटलजींचेच होते, हा काळाचा विनोद. बैलगाडीतून उतरलेल्यास सत्तेच्या खुर्चीतून बाजार निराळा दिसतो, आणि खुर्ची गेली की पुन्हा बैलगाडी आठवते. यात कोणताही पक्ष अपवाद नाही. २००२ नंतरही भाव सरकारच्या इशाऱ्यावरच हलत होते. जगात तेल चढत गेले, २००८ च्या जुलैत पिंपाला १४७ डॉलरांपर्यंत पोहोचले, आणि आपल्याकडे भाव दाबून धरले गेले. कंपन्यांचा खड्डा भरण्यासाठी त्यांना सरकारी रोखे देण्यात आले. एकूण सव्वा लाख कोटी रुपयांहून अधिक. त्यांच्या परतफेडीच्या मुदती २०२६ पर्यंत पसरलेल्या होत्या. म्हणजे बापाने स्कूटरमध्ये स्वस्त पेट्रोल घातले आणि त्याची उधारी मुलाने कर भरून फेडली. स्वस्ताई फुकट नसते, तिचे बिल दुसऱ्या पत्त्यावर जाते, एवढाच त्याचा अर्थ.

पुढे २०१० च्या जूनमध्ये पेट्रोल आणि २०१४ च्या ऑक्टोबरात डिझेल नियंत्रणमुक्त झाले. १६ जून २०१७ पासून तर देशभर रोज सकाळी नवा भाव लागू लागला. आमचे चिरंजीव तेव्हा म्हणाले, “बाबा, आता कोणाला जाब विचारायचा प्रश्नच नाही. बाजार ठरवेल.” बाजार ठरवील हे आम्हांला मान्य होते. भाजी मंडईत बाजारच भाव ठरवतो आणि त्याबद्दल आम्ही कोणाशी भांडत नाही. पण हा बाजार मोठा समंजस निघाला. त्याला निवडणुकांचे वेळापत्रक पाठ होते! २०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकाच्या मतदानाआधी जवळजवळ तीन आठवडे भाव हलला नाही. २०२१ च्या नोव्हेंबरापासून २०२२ च्या २१ मार्चपर्यंत, उत्तर प्रदेशादी राज्यांच्या निवडणुका उरकेपर्यंत, तो पुन्हा गोठला; मग पंधरा दिवसांत दहा रुपयांनी चढला आणि ६ एप्रिल २०२२ नंतर कंपन्यांनी जवळजवळ दोन वर्षे आपला भाव हलवलाच नाही. १५ मार्च २०२४ रोजी लिटरमागे दोन रुपये उतरले, आणि दुसऱ्याच दिवशी लोकसभा निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर झाला. या मधल्या काळात तिन्ही सरकारी तेल कंपन्यांना मिळून २०२२ च्या एप्रिल ते सप्टेंबर या सहामाहीत एकवीस हजार कोटींचा तोटा झाला आणि २०२३-२४ मध्ये ऐंशी हजार कोटींच्या वर नफा. भाव मोकळा असता तर तोटाही एवढा झाला नसता आणि नफाही.

आता प्रत्यक्ष बिलाकडे वळू. घरखर्चाची वही आमच्याकडे सौभाग्यवतींच्या ताब्यात असते. त्यांचे म्हणणे असे की कोणत्याही वस्तूचे पैसे देताना कशाचे किती दिले ते कळले पाहिजे. म्हणून १ फेब्रुवारी २०२१ चे दिल्लीचे अधिकृत विवरण आम्ही त्यांना वाचून दाखवले. पेट्रोलचा भाव लिटरला ८६ रुपये ३० पैसे. त्यात मालाची मूळ किंमत २९ रुपये ३४ पैसे, वाहतूक ३७ पैसे, पंपवाल्याचे कमिशन ३ रुपये ६९ पैसे. उरलेल्यांत केंद्राचे अबकारी शुल्क ३२ रुपये ९८ पैसे आणि राज्याचा विक्रीकर १९ रुपये ९२ पैसे. शंभरातले एकसष्ट रुपये कराचे. त्या म्हणाल्या, “म्हणजे आपण पेट्रोल घेत नाही, कर भरतो, पेट्रोल वर थोडं मिळतं.” यावर आम्हांला उत्तर सुचले नाही.

शिवाय राज्याचा कर टक्क्यांत असल्यामुळे तो केंद्राच्या करावरही बसतो. केंद्राच्या वाट्यातही एक मेख आहे. वित्त आयोगाच्या सूत्राने राज्यांना मिळतो तो फक्त मूळ अबकारी शुल्काचा भाग. उपकर आणि विशेष शुल्क केंद्राकडेच राहते. त्याच फेब्रुवारीतल्या अर्थसंकल्पानंतर पेट्रोलवर एकूण ३२ रुपये ९० पैसे केंद्रीय कर होता, आणि त्यात वाटणीयोग्य मूळ शुल्क होते एक रुपया चाळीस पैसे. मग दिल्ली राज्यांकडे बोट दाखवते, राज्ये दिल्लीकडे, आणि दोघेही मिळून अरबस्तानाकडे.

अरबस्तानाचा दोष नाही असे नव्हे. आपल्याला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी पंचाऐंशी टक्क्यांहून अधिक बाहेरून येते, त्यामुळे तेथे भडका उडाला की चटका येथे बसणारच. पण तेथे पाऊस पडला तेव्हा येथे किती ओल आली? २०१४ च्या मध्यात शंभर डॉलरांच्या वर असलेले तेल २०१६ च्या जानेवारीत तीस डॉलरांच्या खाली घसरले. तेवढ्या काळात अबकारी शुल्क नऊ वेळा वाढवण्यात आले. २०२० च्या महामारीत तेलाला जगात गिऱ्हाईक उरले नव्हते, तेव्हा मार्च आणि मे मिळून पेट्रोलवरचे शुल्क तेरा रुपयांनी वाढले. २०२५ च्या एप्रिलात तेल उतरले तेव्हा पुन्हा दोन रुपये शुल्क वाढले; पंपावरचा भाव तसाच राहिला, म्हणून कोणाला कळलेही नाही. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की २०२१ च्या नोव्हेंबरात पाच आणि २०२२ च्या मेमध्ये आठ रुपये केंद्राने कमी केले, आणि गुजरात सरकारनेही तेव्हा आपला कर उतरवला.

राज्याराज्यांतला फरक तर आमच्या मराठी मंडळींना पाठ आहे. मुंबईकडे मोटारीने जाणारा बडोदेकर भिलाडच्या अलीकडे टाकी काठोकाठ भरतो. जुलै २०२२ नंतर महाराष्ट्रात, मुंबई परिसर सोडून, पेट्रोलवर पंचवीस टक्के आणि वर लिटरला पाच रुपये बारा पैसे असा कर होता, गुजरातेत १३.७ टक्के आणि चार टक्के उपकर. नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत आहे. फलाटावर बसलेल्या माणसाला सीमा दिसत नाही, पण गावाबाहेरच्या पंपांवर ती लिटरमागे रुपयांत मोजता येते.

कर वाईट असतो असे आमचे मुळीच म्हणणे नाही. रस्ते, शाळा, दवाखाने हवेत तर कोणी तरी पैसे दिले पाहिजेत. बाजव्याहून शहरात जाताना वाटेत छाणी जकात नाका लागतो. गुजरातेत महानगरपालिकांची जकात २००७ साली उठली. नाव तेवढे उरले. त्या काळी नाक्यावर गाड्यांच्या रांगा लागत, वाद होत, चिरीमिरीही चाले. तरीही एक गोष्ट होती: कर घेणारा माणूस डोळ्यांना दिसत असे आणि पावती हातात पडत असे. आता नाका पेट्रोलच्या नळीतच बसवलेला आहे. रांग नाही, वाद नाही, आणि बहुधा कोणी काही विचारीतही नाही.

गुजरातची जनता सोशीक आहे म्हणावे, तर तसेही नाही. १९७३ च्या अखेरीस अहमदाबादच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात खाणावळीचे बिल वाढले, तेथून नवनिर्माण आंदोलन पेटले आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये मुख्यमंत्री चिमणभाई पटेलांना जावे लागले. त्याच गुजरातेत २०२१ साली पेट्रोलने शंभरी ओलांडली आणि पान हलले नाही. खाणावळीचे बिल एका दिवसात, एका माणसाच्या सहीने वाढले होते. कोणापुढे जाऊन उभे राहावे हे विद्यार्थ्यांना ठाऊक होते. पेट्रोल तेव्हा थोड्याथोड्या पैशांनी चढत गेले आणि त्यावर सही कोणाचीच नव्हती.

मग आम्ही काय मागावे? पुन्हा नियंत्रण? श्रीमंत अमेरिकेनेही ते करून पाहिले. १९७१ साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी भाव गोठवले, तेलावरचे निर्बंध जवळजवळ दहा वर्षे टिकले, आणि त्या काळात त्या मोटारींच्या देशात पंपांपुढे मैलभर रांगा लागल्या. १९८१ च्या जानेवारीत रेगन यांनी ते निर्बंध उठवले. भाव दाबला की वस्तू लपते, हा अनुभव आमच्या रॉकेलच्या रांगेने आणि त्यांच्या मोटारींच्या रांगेने सारखाच दिला आहे. तेव्हा आमची मागणी स्वस्ताईची नाही, पावतीची आहे. पंपावर मिळणाऱ्या प्रत्येक चिठ्ठीवर मालाची किंमत, केंद्राचा कर, राज्याचा कर आणि विक्रेत्याचे कमिशन निरनिराळे छापलेले असावे. तेल उतरले तर कर किती वाढणार आणि चढले तर किती घटणार, याचा नियम आधी जाहीर व्हावा. वस्तू व सेवा कराच्या घटनादुरुस्तीनेच म्हटले आहे की पेट्रोलजन्य पदार्थ त्या कराखाली कधी आणावयाचे ती तारीख परिषदेने सुचवावी. १७ सप्टेंबर २०२१ रोजी लखनौच्या बैठकीत हा विषय निघाला आणि ‘अजून वेळ आलेली नाही’ असे ठरले. वेळ कधी येणार, आणि तोवर येणार नसेल तर का, एवढे विचारणे हा काही उद्धटपणा नव्हे.

हे मागण्याचे कारण आमच्या स्कूटरपुरते नाही. निवृत्त माणसाची स्कूटर आठवड्यातून दोनदा निघते. पण बाजव्याच्या स्टेशनाबाहेर उभ्या असलेल्या रिक्षावाल्याला भाव चढला की भाडे त्याच दिवशी वाढवता येत नाही. तो आपल्या पोटातून भरपाई करतो. टेंपोने येणारी भाजी, दूध, शाळेच्या गाडीचे पैसे, सारे त्याच नळीतून मोजले जाते. चढलेला भाव उतरतो तेव्हा यांतले काहीही उतरत नाही.

आपल्या कायद्याप्रमाणे प्रत्येक पंपावर पाच लिटरचे प्रमाणित माप ठेवावे लागते, त्यावर वजनमाप खात्याची मोहोर असते, आणि शंका आली तर ते मागून पेट्रोल मोजून घेण्याचा ग्राहकाला हक्क आहे. हा हक्क वाचकांनी संकोच न करता वापरावा. पंपावरच्या मुलावर मात्र रागावू नये. लिटरमागच्या रुपयांतले त्याच्या हाती काही नाही. मापावर मोहोर उठवणारे सरकार भावावरही आपली मोहोर उठवील, आणि ‘उपरथी’ या शब्दाऐवजी पावतीवर चार आकडे छापून येतील, तेव्हा ते आकडे मोठे असले तरी आम्ही निमूटपणे पैसे देऊ. निदान कोणाला देतो आहोत ते कळेल.